आपल्याच माणसाने दुखावले तर...



काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक बाई माझ्याकडे आल्या. कोण ते मी सांगणार नाही. देऊळ रिकामे होईपर्यंत त्या मागे थांबल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, एक विचारू का? रागावणार नाही ना? 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना मी मधली एक ओळ म्हणत नाही. क्षमेची. बाकी सगळी प्रार्थना म्हणते, ती ओळ आली की गप्प बसते. देवासमोर खोटे कसे बोलायचे?"

त्यांना ज्याने दुखावले होते तो कोणी परका नव्हता. त्यांच्याच घरातला, त्यांच्या हातचे जेवून मोठा झालेला माणूस होता. मी घाईत होतो. "सोडून द्या बाई, देवावर सोपवा," एवढे बोलून मी मोकळा झालो. त्या 'बरं फादर' म्हणून निघून गेल्या. पण संध्याकाळी माझ्या लक्षात आले की मी त्यांना उत्तर दिलेच नव्हते, फक्त त्यांची बोळवण केली होती. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि आपल्यापैकी अनेकांचा तो आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या माणसाचा घाव खोल का जातो?

छावणीच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने वजनात मारले तर आपण दोन शब्द बोलतो, घरी येऊन ते सांगतो आणि रात्री विसरून जातो. पण सख्ख्या भावाने वाटणीत फसवले, जावेने पाठीमागे चारित्र्यावर बोट ठेवले, मुलाने बायकोसमोर 'तुम्ही आमच्यासाठी केलेच काय' असे विचारले, तर ते वीस-वीस वर्षे जात नाही. कारण उघड आहे. परक्या माणसासमोर आपण सावध असतो. आपल्या माणसासमोर आपण दार उघडे ठेवलेले असते. आपले कुठे दुखते हे त्यालाच ठाऊक असते. परका आपला पैसा नेतो, आपला माणूस आपला विश्वास नेतो.

पवित्र शास्त्र हे दुःख लपवत नाही. पंचावन्नाव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर मी ती सोसली असती, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा जिवलग, ज्याच्यासोबत मी देवाच्या मंदिरात चालत गेलो. प्रभू येशूलाही हे चुकले नाही. संत मार्क सांगतो की येशूला वेड लागले आहे असे समजून त्याच्या घरचीच माणसे त्याला धरून न्यायला निघाली होती. त्याला धरून दिले ते त्याच्यासोबत ताटात हात घालणाऱ्याने. त्याला नाकारले ते ज्याला त्याने खडक म्हटले होते त्यानेच. तेव्हा 'माझ्याच माणसाने असे केले' म्हणून कोणी क्रूसासमोर रडत असेल, तर त्या क्रूसावरच्याला ते नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

मी हे पुस्तकातून शिकून सांगत नाही. मी सेमिनरीत होतो तेव्हा वडील गेले. आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. मोठ्या भावाने माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. 'तू तर फादर होणार, तुला काय करायची जमीन?' मी आनंदाने सही केली. पुढे त्याने आईचाही अंगठा घेतला, कशावर ते तिला नीट सांगितले नाही आणि जमीन विकून टाकली. मला जमिनीचे काही वाटले नाही. पण आई त्यानंतर सात वर्षे जगली आणि रोज सकाळी ओट्यावर बसून दुसऱ्याच्या झालेल्या त्या बांधाकडे पाहत राहिली. ते मला विसरता आले नाही. धर्मगुरू झाल्यावर मी क्षमेवर कितीतरी प्रवचने दिली, पण भावाचा फोन आला की तो हातात धरून वाजू देत असे.

राग येणे हे पाप आहे का?

आपल्यापैकी अनेक जण पापनिवेदनाला येतात आणि म्हणतात, "फादर, मला राग येतो." जणू राग येणे हेच पाप! संत थॉमस अक्वायनस याने या प्रश्नाचा खोलात जाऊन विचार केला आहे. त्याच्या मते राग बुद्धीच्या ताब्यात असेल आणि न्यायासाठी असेल तर तो चांगला असतो. इतकेच नाही, जिथे राग यायला हवा तिथे तो मुळीच न येणे हाही दोष असू शकतो. अँग्लिकन पंथाचे जोसेफ बटलर यांची प्रवचने १७२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनीही हेच मांडले की अन्यायाविरुद्धची चीड देवाने माणसाच्या स्वभावातच घातली आहे, ती वाईट नाही, तिचा अतिरेक आणि तिच्यातून निघणारा सूड वाईट.

याचा अर्थ नीट लक्षात घेऊ या. 'काही झाले नाही, जाऊ द्या' असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. काही झालेच नसेल तर क्षमा कशाची करायची? क्षमा करण्यासाठी आधी 'हे चुकीचे झाले, मला लागले' हे कबूल करावे लागते. जखमेवर पट्टी बांधण्याआधी ती धुवावी लागते आणि धुताना झोंबते. आपण बऱ्याचदा न धुताच पट्टी बांधतो. वरून सगळे ठीक दिसते, आत मात्र पू होतो. मग दहा वर्षांनी एखाद्या लग्नात, मानपानाच्या लहानशा कारणावरून सगळे बाहेर येते आणि लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढे भांडण? ते एवढ्याशा गोष्टीसाठी नसतेच.

नगरच्या रस्त्यावरची एक गोष्ट

आपल्या छावणीतून नगर नाक्यावरून जो रस्ता पुढे जातो तो नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचतो. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या गावात एक ख्रिस्ती जोडपे राहत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. ते कॅथॉलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती लोक आजही गातात आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानली जातात. टिळकांच्या धर्मांतराबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण त्या घटनेत एक बाई मनाने मोडून पडली होती, हे आपण फारसे बोलत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांचे वय २६ होते आणि मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता. त्या अतिशय कडक सोवळ्याच्या ब्राह्मण घरात वाढलेल्या होत्या. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालेले, अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली. त्या काळी नवऱ्याने धर्म बदलला म्हणजे त्याच्या बायकोला सौभाग्य असून नसल्यासारखे होई. कोसळलेल्या मनाने त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. साडेचार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले.

बंधू-भगिनींनो, इथे थोडे थांबू या. लक्ष्मीबाईंना दुखावणारा माणूस दुष्ट नव्हता, व्यसनी नव्हता. तो प्रभू येशूच्या मागे निघाला होता! टिळकांचा निर्णय चुकीचा होता असे मी, एक धर्मगुरू, कसा म्हणू? प्रभूसाठी घरदार सोडावे लागेल हे शुभवर्तमानच सांगते. पण आपला निर्णय बरोबर असला म्हणजे त्याने कोणाला झालेली जखम खोटी ठरते का? ठरत नाही. 'मी देवासाठी केले' म्हणून समोरच्याचे दुखणे मोजायचे नाही, असे प्रभूने कुठेही सांगितलेले नाही. आपण घरात पुष्कळदा असेच करतो. प्रार्थना-सभेसाठी आजारी आईला एकटे टाकतो, मुलीच्या मनाविरुद्ध तिच्या 'भल्यासाठी' निर्णय घेतो, आणि ती रडली तर तिची श्रद्धा कमी आहे म्हणतो.

मग हे तुटलेले घर पुन्हा कसे जुळले? वियोगाच्या काळात टिळक पत्रे लिहीत राहिले, नाते त्यांनी तोडले नाही. शेवटी लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन आल्या. नवरा ख्रिस्ती, बायको वेगळी चूल सांभाळणारी, असा तो संसार पुन्हा सुरू झाला. पुढे जातिभेद देवाने केले की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्या स्वतः विचार करत पुढे गेल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांनी.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या ख्रिस्तामुळे नवरा आपल्याला सोडून गेला असे एके काळी वाटले, त्याच ख्रिस्ताची कथा त्यांनी नवऱ्याच्या पश्चात आपल्या लेखणीने पुढे नेली. आणि 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी नवऱ्याला संत बनवले नाही की खलनायकही केले नाही. त्याचा तापटपणा, घर उपाशी ठेवून वाटून टाकण्याची सवय, आपले रडणे, सगळे लिहिले, आणि तेही हसत-हसवत. मला वाटते, क्षमा झाली याची ही खूण आहे. आठवण जात नाही, पण आठवण सांगताना समोरच्याला मारावेसे वाटत नाही.

क्षमा आणि समेट

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. क्षमा म्हणजे नेमके काय? संत थॉमस म्हणतो की प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले व्हावे अशी इच्छा. त्यावरून मी एवढे समजतो: ज्याने मला दुखावले त्याचे वाईट व्हावे ही इच्छा मी देवाच्या हाती देऊन टाकतो आणि त्याचे भले व्हावे असे म्हणायला लागतो, ती क्षमा. ही भावना नसून निर्णय आहे. भावना मागून येते, कधी फार उशिरा येते. हा निर्णय मी एकटा करू शकतो. समोरच्याने माफी मागितली नसेल, तो परदेशात असेल किंवा मातीआड गेला असेल तरीही करू शकतो.

समेट मात्र एकट्याने होत नाही. त्याला दोन माणसे लागतात, सत्य लागते आणि बदल लागतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाकडे पाहा. भावांनी त्याला वीस नाण्यांना विकले. दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्याने लगेच गळ्यात गळा घातला नाही. त्याने त्यांची परीक्षा घेतली. धाकट्या बन्यामीनच्या गोणीत प्याला ठेवून त्याला अडकवले आणि पाहत राहिला की हे भाऊ यालाही टाकून जातात का. तेव्हा यहूदा पुढे आला, ज्याने योसेफाला विकायचे सुचवले होते तोच. 'याच्याऐवजी मला गुलाम करा,' असे तो म्हणाला. ते ऐकल्यावर योसेफ मोठ्याने रडला आणि त्याने ओळख दिली. भाऊ बदलले आहेत हे दिसले, तेव्हा समेट झाला.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडणाऱ्या अली अग्जाला त्यांनी क्षमा केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. पण त्या भेटीनंतर तुरुंगाचे दार उघडले गेले नाही. अग्जा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमा केली म्हणून न्याय रद्द होत नाही.

हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण क्षमेच्या नावाने आपल्या घरांत एक अन्याय चालतो. नवरा दारू पिऊन मारतो आणि आपण त्या बाईला सांगतो, 'तुझा क्रूस आहे, वाहा.' हे चुकीचे आहे. ख्रिस्तसभेची ही शिकवण नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार धर्मसभेच्या कायद्याच्या ११५३व्या कलमात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लिहिले आहे की दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी कधी कधी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. आपल्या देशातही २००५चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि १८१ क्रमांकावर महिलांना मदत मिळते. जी बहीण मार खात आहे तिने आधी सुरक्षित व्हावे, मग आपण क्षमेबद्दल बोलू. मारणाऱ्याला मारत राहू देणे हे त्याच्याही भल्याचे नाही.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, देवाला खरे सांगावे. स्तोत्रांमध्ये कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. गोड गोड प्रार्थना नाही सुचली तर तक्रारीची करावी. तीही प्रार्थनाच आहे.

दुसरी गोष्ट, ज्याने दुखावले त्याच्याशी बोलावे, इतरांशी नव्हे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो, आधी एकट्याने जाऊन त्याची चूक त्याला दाखव, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. आपण नेमके उलटे करतो. आधी सगळ्या मंडळीला सांगतो आणि त्या माणसाला मात्र कधीच सांगत नाही! याच अध्यायात पुढे सत्तर वेळा सातची आज्ञा आहे. चूक दाखवणे आणि क्षमा करणे, दोन्ही एकाच अध्यायात आहेत. एक घेऊन दुसरे सोडता येत नाही.

तिसरी गोष्ट, आपण कोणाला दुखावले आहे का, हे पाहावे. आपल्या जखमा आपल्याला पाठ असतात, आपण केलेल्या जखमा आठवत नाहीत. या रविवारी शांतीचे चिन्ह देताना मागच्या-पुढच्या बाकांवरील सर्वांना हात जोडाल, तेव्हा ज्याच्याकडे पाहणे आपण टाळतो त्याचीही आठवण करावी. कदाचित तोही एखादी ओळ गाळत असेल आणि त्याचे कारण आपण असू.

चौथी गोष्ट, वेळ द्यावा. पेत्राने निखाऱ्यांच्या शेकोटीपाशी तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर प्रभूने किनाऱ्यावर तसाच विस्तव पेटवला, आधी त्याला खाऊ घातले आणि मग तीनदा विचारले, माझ्यावर प्रेम करतोस का? जुनी गोष्ट त्याने पुसली नाही, पण तिच्यावरून पेत्राला लाजवलेही नाही. आणि पुन्हा त्याच्यावर कामही सोपवले.

आता त्या बाईंना माझे उत्तर. बाई, तुम्ही ती ओळ गाळत होता कारण तुम्हाला देवाशी खोटे बोलायचे नव्हते. त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. पण ती ओळ म्हणजे आपण देवाला दिलेला अहवाल नाही, ती प्रार्थना आहे. 'मी क्षमा केली आहे' असे सांगता येत नसेल तर 'मला क्षमा करता येऊ दे' या अर्थाने ती म्हणा. आणि आणखी एक. त्या प्रार्थनेत प्रभूने 'मी' हा शब्द घातलाच नाही, सगळीकडे 'आम्ही' आहे. ज्या रविवारी तुमच्या तोंडून ती ओळ निघणार नाही, त्या रविवारी तुमच्या शेजारी उभी असलेली माणसे ती तुमच्यासाठी म्हणत आहेत असे समजा. आपण देवळात एकत्र येतो ते याचसाठी.

माझ्या भावाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मागच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला आम्ही गावी एकत्र होतो. मी त्याला बाजूला घेऊन प्रथमच म्हणालो, "दादा, तू आईला सांगायला हवे होतेस." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हो." एवढेच. जमीन परत आलेली नाही, पूर्वीसारखे मोकळे बोलणेही अजून आलेले नाही. पण आता त्याचा फोन आला की मी उचलतो. माझ्यासाठी प्रार्थना करा. मी तुमच्यासाठी करतो.

प्रभू तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घराघरांना शांती देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मग्रामाचा धर्मगुरू